गोव्यातली शेती आणि पाणी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पेडण्यापासून काणकोणपर्यंत शेतकरी एकत्र जमले की पाण्याबद्दल हेच प्रश्न फिरून फिरून येतात. खाजन (बांध घालून खाऱ्या पाण्यापासून राखलेली नदीकाठची सखल जमीन) कसणारा, कुळागर (झरीच्या पाण्यावरची पोफळीची बाग) राखणारा आणि कालव्याच्या पाण्यावर वायंगण (हिवाळी भातशेती) करणारा यांच्या अडचणी वेगळ्या आहेत. त्यामुळे सगळी उत्तरं सगळ्यांना लागू होतीलच असं नाही. तुमच्या कामाची असतील ती घ्या.

गोव्यात एवढा पाऊस पडतो, मग मार्च-एप्रिलमध्ये पाणी का नसतं?

गोव्यात वर्षाला सरासरी ३,००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, पण त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. आपल्या नद्या आखूड आहेत. सह्याद्रीवर पडलेलं पाणी फार लांबचा प्रवास न करता समुद्राला मिळतं. म्हादई (खाली हिलाच मांडवी म्हणतात) कर्नाटकातल्या खानापूर तालुक्यात देगावजवळ उगम पावते आणि जेमतेम ऐंशी किलोमीटर वाहून पणजीजवळ अरबी समुद्राला मिळते. कृष्णा-गोदावरीच्या खोऱ्यात पाऊस संपल्यावरही पाणी बरेच दिवस वाहत असतं. तसा अवधी आपल्याला मिळत नाही.

दुसरी गोष्ट खाऱ्या पाण्याची. पावसाळा संपला की नदीचा गोडा प्रवाह क्षीण होतो आणि भरतीचं पाणी आत सरकतं. मांडवीत भरती-ओहोटी गांजेपर्यंत जाणवते, जुवारीत थेट सांग्यापर्यंत. म्हणजे सुपीक सखल जमीन जिथे आहे, नेमकं तिथलंच नदीचं पाणी उन्हाळ्यात शेतीला चालत नाही. गोव्याच्या शेतीला पावसाची वाण कधीच नव्हती. पडलेलं पाणी मेपर्यंत धरून ठेवायचं आणि खारं पाणी बाहेर ठेवायचं, ही दोन कामं करणारी व्यवस्था गावागावांत होती, ती खिळखिळी झाली आहे. पुढची बहुतेक उत्तरं त्याबद्दलच आहेत.

आमच्या गावाला कुठल्या धरणाचं पाणी मिळतं?

पेडणे, डिचोली आणि बार्देश तालुक्यांच्या बऱ्याच भागाला तिळारीच्या कालव्याचं. हे धरण महाराष्ट्रात, दोडामार्ग तालुक्यात आहे. प्रकल्प दोन राज्यांचा असून गोव्याचा वाटा सुमारे ७३ टक्के आहे. सत्तरी-डिचोलीत अंजुणे आणि आमठाणे, दक्षिणेत साळावली, काणकोणात चापोली, शिरोड्याच्या बाजूला पंचवाडी. गोव्याच्या हद्दीतल्या धरणांत साळावली सर्वांत मोठं, साठवण सुमारे २३० दशलक्ष घनमीटर. त्याच्या जलाशयाखाली कुर्डी गाव गेलं. उन्हाळ्यात पाणी उतरलं की तिथलं सोमेश्वराचं देऊळ उघडं पडतं आणि विस्थापित गावकरी तिथे जमतात. कालव्याचं पाणी वापरताना ते कोणाच्या घरादारांवरून आलं आहे, हे ध्यानात असलेलं बरं.

टंचाईच्या काळात पिण्याच्या पाण्याला पहिला हक्क असतो. धरण भरलेलं दिसलं तरी एप्रिल-मेमध्ये शेतीची पाळी लांबू शकते. पिकाची आखणी करताना हे धरूनच चाला.

वायंगणाला पाणी पुरेल की नाही, हे कधी ठरवायचं?

ऑक्टोबरच्या शेवटी, रोप टाकण्यापूर्वी. सरद शेती पावसावर होते, वायंगण मात्र साठवलेल्या पाण्यावर. तळं असेल तर तळ्याची पातळी पाहा, कालवा असेल तर पाणी कधी सोडणार ते जलस्रोत खात्याच्या उपविभागीय कार्यालयात जाऊन विचारा. फोनवर मिळालेल्या उत्तरावर अवलंबून राहू नका.

पाणी फेब्रुवारीपर्यंतच पुरणार असं दिसत असेल तर भाताचा हट्ट सोडा. सरद भाताच्या कापणीनंतर जमिनीत राहिलेल्या ओलीवर अळसांदे (चवळी) उत्तम येतात, कुळीथ येतो. थोड्या शिंपण्यावर मिरची, कांदा, वांगी, कणगी होतात. एक एकर वायंगणी भाताला लागणाऱ्या पाण्यात त्याच्या दुपटीहून जास्त क्षेत्रावर भाजी निघते, आणि अळसांद्यांना बाजारात गिऱ्हाईक शोधावं लागत नाही.

कुडतरी, करमळी, लोटली इथली तळी याच कामासाठी बांधलेली आहेत. पावसाळ्यात भरायची, दारं लावायची आणि हिवाळ्यात खालच्या शेतांना टप्प्याटप्प्याने पाणी द्यायचं. तळ्याचा गाळ काढला नाही तर साठा दरवर्षी थोडा थोडा घटतो. ते डोळ्यांना दिसत नाही, मार्चमध्ये शेतात दिसतं.

खाजनात खारं पाणी नेमकं कसं अडवलं जातं?

दोन गोष्टींनी: बांध आणि मानस. नदीच्या कडेने चिखलमातीचा बांध असतो, मारा जास्त असेल तिथे जांभ्या दगडांचं अस्तर असतं. आतल्या सखल भागात पाणी साठतं ती पोंय. पोंय आणि नदी यांच्यामध्ये, बांधात बसवलेलं दार म्हणजे मानस.

मानसाचं काम जवळून पाहण्यासारखं आहे. लाकडी झडपा वरून अशा टांगलेल्या असतात की त्या फक्त नदीच्या बाजूला उघडतात. ओहोटीला नदी उतरते, आतलं पाणी झडपेला बाहेर ढकलतं आणि शेतातलं जादा पाणी निघून जातं. भरती लागली की नदीचं पाणी तीच झडप आत दाबतं आणि ती चौकटीवर घट्ट बसते. वीज नाही, मोटर नाही, कोणी उभं राहायला नको. पण झडप आणि चौकट यांच्यामध्ये बोटभर फट राहिली, एखादं लाकूड अडकलं किंवा चौकटीखालून पाणी मुरायला लागलं, तर दिवसातून दोनदा खारं पाणी आत येत राहतं. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला भरती-ओहोटीतला फरक दोन मीटरच्या वर जातो, तेव्हा ही फट सर्वांत महाग पडते.

म्हणून पाहणी उधाणाच्या आधी करायची. ओहोटीला मानसाजवळ उतरून चौकटीच्या तळाशी हात फिरवायचा. बांधावरून चालताना कुर्ल्यांची बिळं पाहायची. नदीकडच्या बाजूला बीळ आहे आणि आतल्या बाजूला त्याच सरळ रेषेत ओल आहे, तर ते आरपार गेलं समजा. नुसती वरून माती टाकून ते बुजत नाही. उकरून, चिकण चिखल पायाने चेपून भरावं लागतं. नदीकडची खारफुटी तोडू नका, लाटांचा पहिला मार तीच झेलते. बांधाच्या अंगात रुजलेलं झाड मात्र वेळीच काढलं पाहिजे, कारण त्याची मुळं मातीत वाटा करून देतात. खारफुटीला कायद्याचं संरक्षण आहे, तेव्हा काढण्यापूर्वी वन खात्याची परवानगी घ्या.

बांधाला खांड पडली तर आधी काय करायचं?

त्याच ओहोटीत तात्पुरती बुजवायची. मातीच्या गोणी, बांबू, माडाच्या झावळ्या, जे हाताशी असेल ते. दोन हात रुंदीची खांड दोन-चार उधाणांत इतकी वाढते की मग यंत्र आणावं लागतं. तोवर आत मीठ बसलेलं असतं, वर्षा-दोन वर्षांत खारफुटी उगवते, आणि मग ती जमीन परत शेतीत आणणं फार कठीण होतं.

त्याच दिवशी तुमच्या खाजनाच्या शेतकरी संघटनेच्या (कुळांच्या संघटनेच्या) अध्यक्षांना कळवा आणि विभागीय कृषी कार्यालयात लेखी अर्ज द्या. कृषी खात्याचा मृदसंधारण विभाग बांधांची कामं करतो. शेतकरी संघटनांवर देखरेख मामलेदाराची असते, त्यामुळे अर्जाची एक प्रत मामलेदार कार्यालयात द्या आणि पोच घ्या. फोटोत भरतीची वेळ आणि तारीख दिसू द्या.

पूर्वी बांध टिकायचे, आता का फुटतात?

पूर्वी खाजनांची देखभाल गावकारी, म्हणजे कोमुनिदाद करायची. बांध दुरुस्त करणं हे ठरलेलं काम होतं, त्याचे पैसे ठरलेले होते, माणसं ठरलेली होती. १९६४चा कूळ कायदा आणि पुढच्या दुरुस्त्यांनी कसणाऱ्याला हक्क मिळाला. ते न्यायाचंच होतं. बांधांची जबाबदारी कुळांच्या संघटनांकडे आली, पण अनेक ठिकाणी या संघटना कागदावरच राहिल्या. जमिनीचे तुकडे झाले, तरुण जहाजावर किंवा नोकरीला गेले, शेत पडीक पडलं. पडीक शेताचा मालक बांधावर येत नाही, आणि एका पडीक शेताच्या कडेने आलेलं खारं पाणी दहा पिकत्या शेतांत जातं. मांडवी-जुवारीत खनिजाच्या बार्जींच्या लाटांनी बांध खचले, हेही खरं कारण आहे.

उपाय कंटाळवाणा आहे: संघटनेची वार्षिक सभा भरवा, हिशेब वाचून घ्या, समिती निवडा. ज्या खाजनांत शेती चालू आहे, तिथे हे होत असतं.

मानसावरच्या मासळीच्या लिलावाबद्दल इतके तंटे का?

मानसाच्या तोंडावर मासे पकडण्याचा हक्क लिलावात जातो आणि त्या पैशातून बांधाची दुरुस्ती व्हावी, अशी रीत आहे. ओहोटीला बाहेर पडणाऱ्या पाण्यात जाळं लावायचं, एवढीच त्याची मर्यादा. काही ठिकाणी मासळी जास्त मिळावी म्हणून भरतीलाही झडपा उघड्या ठेवल्या जातात. लिलाव घेणाऱ्याचा हंगाम साधतो, आणि भातशेती कायमची जाते. लिलावाच्या अटींत झडपा कधी उघड्या ठेवायच्या नाहीत हे स्पष्ट लिहून घ्या, अनामत रक्कम ठेवा आणि अट मोडली तर ती जप्त करा. भात कापल्यानंतर पोंयीत मासळी वाढवणं ही जुनीच पद्धत आहे आणि ती चांगली आहे. दोन्ही एका जमिनीवर नांदतात, फक्त क्रम पाळावा लागतो.

खारं पाणी शिरलेलं शेत पुन्हा कधी पिकेल?

बांध पक्का झाला असेल तर साधारण एका चांगल्या पावसाळ्यात मीठ बरंच उतरतं. मे महिन्यात शेत नांगरून ढेकळं उघडी ठेवा. जूनच्या पहिल्या जोरदार सरींचं पाणी शेतात अडवून एक-दोन दिवस ठेवा आणि ओहोटीला मानसातून सोडून द्या. असं दोन-तीनदा करा. नुसतं वरून वाहून गेलेलं पाणी उपयोगी नाही, ते मातीत मुरून मीठ घेऊन बाहेर पडलं पाहिजे. पेरणीपूर्वी माती कृषी खात्याच्या प्रयोगशाळेत तपासून घ्या. भाताला मातीतल्या अर्काची विद्युतवाहकता (मिठाचं माप) ३ डेसिसायमन प्रति मीटरच्या वर गेली की उत्पन्न घटू लागतं आणि ७च्या आसपास ते निम्म्यावर येतं. हे आकडे नेहमीच्या वाणांचे आहेत.

खाजनासाठी बियाणं कोणतं?

कोरगुट आणि आसगो हे आपले जुने, खारं सोसणारे वाण. कोरगुटाचं उत्पन्न कमी, उंची जास्त, पण वाईट वर्षीही काहीतरी हाती देतो. जुने गोवे इथल्या केंद्रीय किनारी कृषी संशोधन संस्थेने खाऱ्या जमिनीसाठी गोवा धान १ ते ४ हे वाण दिले आहेत. बांध पक्का असेल तर गोवा धान, बांधाची खात्री नसेल तर कोरगुट, असा माझा सल्ला असतो. ज्योती आणि जया हे वाण खेर जमिनीत (खारं पाणी पोचत नाही अशा थोड्या उंचावरच्या शेतात) ठेवा, खाजनात नकोत.

कुळागरातली झर दरवर्षी लवकर आटते. काय करावं?

या प्रश्नाचं उत्तर कुळागरात नाही, वरच्या सड्यावर आहे.

आपला डोंगरमाथा जांभ्याचा आहे. जांभा सच्छिद्र असतो. सड्यावर पडलेला पाऊस त्यातून खाली झिरपतो, खालच्या चिकण थरावर अडतो आणि उताराच्या पायथ्याशी झर म्हणून बाहेर येतो. सावईवेरे, केरी, प्रियोळ या फोंड्याच्या गावांतली कुळागरं डोंगराच्या कुशीत वसली ती यामुळेच. पूर्वजांनी आधी झर पाहिली, मग पोफळ लावली. सड्यावर सपाटीकरण झालं, काँक्रीट आलं, चिरेखाण खोल गेली किंवा जंगल तोडून मोकळं रान झालं, तर पाणी मुरण्याऐवजी वाहून जातं. त्याचा परिणाम खालच्या झरीवर दिसतोच.

म्हणून सड्याचं झोन बदलण्याची नोटीस निघाली की कुळागरवाल्यांनी हरकत नोंदवलीच पाहिजे. ग्रामसभेत विषय मांडा, झर कुठून येते ते नकाशावर दाखवा. वर बांधकाम उभं राहिल्यावर खाली पंप बदलून काही होत नाही.

झर मोजत चला. वीस लिटरची बादली धारेखाली धरा. ती एका मिनिटात भरली तर दिवसाला २८,८०० लिटर पाणी मिळतं. जानेवारीपासून दर पंधरवड्याला असं मोजून वहीत लिहा. तीन-चार वर्षांची अशी वही हरकतीला जोडली तर तिचं वजन पडतं. सोबत रात्रीचं पाणी साठवायला टाकी बांधा, कारण झर रात्रभर वाहते आणि आपण फक्त दिवसा शिंपतो. उतारावर समपातळीत चर खणा, व्हाळात दगडांचे छोटे बांध घाला आणि झरीच्या वरची झाडं राखा.

पोफळीला आणि माडाला किती पाणी लागतं? ठिबक चालेल का?

आळ्यात पाणी देत असाल तर उन्हाळ्यात पोफळीला सुमारे १७५ लिटर, दर तीन ते पाच दिवसांनी. माडाला २०० लिटर, दर चार दिवसांनी. ठिबकवर पोफळीला दिवसाला १६ ते २० लिटर आणि माडाला ३० लिटरच्या आसपास पुरतं.

पाचशे पोफळींचा हिशेब करू. चार दिवसांनी आळ्यात पाणी दिलं तर रोजचे सरासरी २२,००० लिटर होतात, ठिबकवर ९,०००. झर कमी झालेल्या कुळागरात हा फरक म्हणजे बाग वाचणं किंवा करपणं.

तरीही पाट मोडून टाकू नका. पाटाचं पाणी मिरवेलीला, केळीला, वेलचीला वाटेत ओलावा देत जातं आणि उरलेलं खालच्या शेजाऱ्याच्या विहिरीत मुरतं. डिसेंबर-जानेवारीत झर भरपूर असताना पाट, मार्चपासून ठिबक, अशी जोडी घाला. मातीचं ढेकूळ आणि पोफळीची विरी (झावळीचं रुंद देठ) लावून पाणी एका ओळीतून दुसऱ्या ओळीत वळवणारी माणसं आता थोडी उरली आहेत. त्यांच्याकडून ते घरच्या मुलांना शिकवून ठेवा.

आपल्या पाण्यात लोह आणि लाल गाळ असतो, त्यामुळे फिल्टरशिवाय ठिबक एका हंगामात तुंबतं. अनुदानासाठी कृषी कार्ड, एक-चौदाचा (जमिनीचा) उतारा आणि कोटेशन घेऊन विभागीय कृषी कार्यालयात जा. कामाला हात घालण्यापूर्वी मंजुरी घ्या.

काजूला पाणी द्यायचं का?

कलमी बाग असेल आणि पाणी जवळ असेल तर हो. जानेवारी ते मार्च, पंधरा दिवसांतून एकदा झाडाला २०० लिटर दिलं तर उत्पन्नात मोठी वाढ होते. त्यासाठी कुळागराचं पाणी मात्र तोडू नका.

वायंगणी भातात सतत पाणी उभं ठेवावंच लागतं का?

नाही. खेर जमिनीत पाणी आलटून पालटून दिलेलं चालतं. चार-सहा इंच रुंदीचा, फूटभर लांबीचा पीव्हीसी पाइप घ्या, खालच्या अर्ध्या भागाला भोकं पाडा आणि तेवढा भाग जमिनीत रोवून आतली माती काढा. पाइपातलं पाणी जमिनीच्या पातळीखाली १५ सेंटिमीटर गेलं की पुन्हा पाणी द्यायचं. लावणीनंतरचे पहिले दोन आठवडे आणि फुलोऱ्याचा काळ मात्र शेतात पाणी उभं हवं. यात पाव हिस्सा पाणी सहज वाचतं.

खाजनात ही पद्धत वापरू नका. माती सुकली की खालचं मीठ वर येतं आणि काही ठिकाणी माती आम्लही होते.

बंधाऱ्याच्या फळ्या कधी घालायच्या, कधी काढायच्या?

पाऊस थांबून व्हाळाचं पाणी निवळलं की घालायच्या, साधारण नोव्हेंबरात. गढूळ पाणी अडवलं तर बंधारा गाळाने भरतो. मेच्या अखेरीस काढायच्याच. राहून गेल्या तर पहिल्या पुराचं पाणी काठ फोडून शेतात घुसतं. फळ्या चोरीला जातात, म्हणून काढल्यावर मोजून पंचायतीच्या किंवा संघटनेच्या ताब्यात द्या.

बोअरवेल मारायला परवानगी लागते का?

लागते, विहिरीलाही. २००२च्या गोवा भूजल नियमन कायद्याप्रमाणे खणण्यापूर्वी जलस्रोत खात्याची परवानगी आणि नंतर नोंदणी आवश्यक आहे. समुद्राजवळ आणि खाडीकाठी बोअर टाळाच. जास्त उपसा झाला की खारं पाणी भूगर्भातून आत सरकतं, आणि एकदा खारावलेली विहीर सुधारायला कितीतरी पावसाळे जातात. शेजारच्या विहिरीतून टँकर भरून बाहेर विकले जात असतील तर तक्रार करा. त्या उपशाने तुमचीही विहीर खाली जाते.

म्हादईचं पाणी वळवलं तर शेतीवर काय परिणाम होईल?

म्हादईचं खोरं २,०३२ चौरस किलोमीटरचं, त्यातलं १,५८० गोव्यात. तीन राज्यांतल्या या पाणीतंट्यासाठी नेमलेल्या लवादाने १४ ऑगस्ट २०१८ रोजी कर्नाटकाला १३.४२, महाराष्ट्राला १.३३ आणि गोव्याला २४ टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी दिलं. कर्नाटकाच्या वाट्यातलं ३.९ टीएमसी कळसा-भांडुरा योजनेतून मलप्रभेच्या खोऱ्यात नेण्यासाठी आहे. निवाडा २०२०च्या फेब्रुवारीत अधिसूचित झाला आणि वाद सर्वोच्च न्यायालयात आहे.

शेतकऱ्याने पाहायचं ते वार्षिक बेरजेपेक्षा महिन्याचं पाणी. जुलैत नदीत पाणी मावत नाही. डिसेंबरनंतरचा बारीक प्रवाह हीच खाऱ्या पाण्याला खाली रोखून धरणारी शक्ती असते. तो आणखी घटला तर खाऱ्याची सीमा वर सरकेल. सत्तरीतली नदीकाठची शेती, बंधारे, गांजे-उसगाव परिसरातले पंप आणि दिवाडी-चोडणची खाजनं या सगळ्यांना ते सोसावं लागेल. खांडेपार नदीवरच्या ओपा प्रकल्पावर कितीतरी गावांचं पिण्याचं पाणी अवलंबून आहे, आणि ती म्हादईचीच उपनदी. म्हणून ही लढाई आपली आहे, आणि ती लढताना आपल्या वाट्याचं पाणी आपण धरून ठेवतो हेही दाखवता आलं पाहिजे.

कालव्याचं पाणी शेवटच्या शेतापर्यंत येत नाही. तक्रार कुठे करायची?

आधी उपकालव्यावरून चालत जा. बहुतेक वेळा गाळ, झुडपं, फुटलेलं अस्तर किंवा मध्येच टाकलेला पाइप सापडतो. गाळ आणि झुडपं गावकऱ्यांना एका सकाळी काढता येतात. अस्तर आणि बेकायदा पाइप यांसाठी जलस्रोत खात्याच्या उपविभागात फोटोंसह लेखी तक्रार द्या. ती एकट्याच्या नावाने देऊ नका, त्या उपकालव्यावरच्या सगळ्यांच्या सह्या घ्या. पाळीचं वेळापत्रक लिहून पंचायतीच्या फलकावर लावून घ्या आणि पाळी शेवटच्या शेतापासून सुरू करण्याचा आग्रह धरा. वरच्या शेतकऱ्याला पाणी तसंही मिळतंच.

घराच्या छपरावरचं पाणी शेतीला किती उपयोगी?

शंभर चौरस मीटरच्या कौलारू छपरावरून पावसाळ्यात सव्वादोन ते अडीच लाख लिटर पाणी उतरतं. टाकीत ते सगळं मावणार नाही. गाळून विहिरीत किंवा शोषखड्ड्यात सोडा. पहिल्या दोन-तीन सरींचं पाणी मात्र बाहेर जाऊ द्या, त्यात छपराची घाण असते.

मे महिन्यात काय काय करून ठेवायचं?

मानसाच्या झडपा आणि चौकट तपासणं, बिळं बुजवणं, बंधाऱ्याच्या फळ्या काढणं, तळ्यातला गाळ उचलणं, शेताचे आतले बांध नीट करणं, ठिबकच्या नळ्या धुऊन गुंडाळणं, पाटांचा पाला काढणं. गाळ शेतात पसरा, तो उत्तम खत आहे. ही कामं मिरगाआधी आटपली पाहिजेत, म्हणून मजूर एप्रिलमध्येच सांगून ठेवा. मेच्या मध्यावर ते मिळत नाहीत.